कपाटातली खरखर

४ नोव्हेंबर

खरखर! हिच्या ऑडिओबुकच्या सहाव्या प्रकरणात चक्क खरखर. मोठी नाही — पण प्रत्येक लांब वाक्याच्या शेवटी, कुणी शेजारी कागद चुरगळावा तशी. हेडफोनमध्ये ऐकली आणि डोकंच फिरलं. हिला म्हटलं, "आज बंद. वायर गेलीय." ही कपाटातून बाहेर आली. (आमचा स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं भिंतीतलं कपाट. माझे शर्ट हद्दपार, आत जुन्या गाद्या ठोकलेल्या.)

५ नोव्हेंबर

केबल उघडली. एका टोकाचा डाख सुटायला आलेला. सापडला चोर! नवा डाख दिला, पिना स्पिरिटने पुसल्या, हिला बसवलं. चार ओळी स्वच्छ. पाचवीला खरखर.

६ नोव्हेंबर

कपाटामागे न्हाणीघराची भिंत. तिला ओल. म्हणजे माइकने ओल धरली असणार. रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बिस्किटांच्या डब्यात ठेवला. बिस्किटं ओट्यावर उघडी पडून मऊ झाली. एरवी हिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज नुसतं बघितलं आणि डबा पुसून जागेवर ठेवला.

माइक कोरडा ठणठणीत. खरखर जागच्या जागी.

९ नोव्हेंबर

प्रकाशक बाईंचा फोन. "पहिली पाच प्रकरणं काय सुंदर झालीत! पण सहावं कानाला टोचतंय हो. महिनाअखेरपर्यंत नाही जमलं, तर मला दुसऱ्या कुणाकडून पहिल्यापासून वाचून घ्यावं लागेल."

ही जन्मभर जाहिराती वाचत आली. साबण, विमा, 'कृपया प्रतीक्षा करा'. अख्खी कादंबरी पहिल्यांदाच मिळालीय. होकार आला त्या दिवशी पोरीसारखी घरभर नाचली होती. यंत्रं माझ्याकडे, वाचन तिच्याकडे, असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं. आता माझ्या बाजूने काम अडलंय. लाज वाटते.

१० नोव्हेंबर

आवाज वाढवायचं बटण उघडून साफ केलं. फ्रिज बंद ठेवून पाहिला. पुन्हा चालू करायला विसरलो. दूध नासलं.

१२ नोव्हेंबर

मेहुणा आला, स्वतःचा माइक घेऊन. "भावोजी, हा लावा. विषय संपला." लावला. त्यातही तीच खरखर! म्हटलं, तुझाही गेलेलाच आहे. हसायला लागला. "दोन्ही एकदम कसे जातील?" आला मोठा शहाणा! बारशाला आणि लग्नाला स्पीकर लावतो, आणि मला शिकवतो.

माइक ठेवून गेला. जाताना बहिणीला म्हणाला, "ताई, तू का गप्प?" हिने नुसती मान हलवली. हल्ली मुलीशीही फोनवर बोलत नाही, मेसेज करते. सारखं गरम पाणी पीत बसते. माझ्या खटपटीला कंटाळलीय. मीही कंटाळलोय.

१३ नोव्हेंबर

नवी केबल आणली. तेच.

१५ नोव्हेंबर

मेहुण्याचं तोंड बंद करायचं तर पुरावा पाहिजे. जो आवाज स्वच्छ असल्याची खात्री आहे तोच माइकसमोर धरायचा — मग खरखर आली तर दोष यंत्राचाच. असा आवाज माझ्याकडे एकच. हिचं पहिलं प्रकरण.

ही बाजारात गेली होती. कपाटात तिच्या जागी स्टुलावर स्पीकर ठेवला. पहिलं प्रकरण लावलं आणि आमच्या माइकवर पुन्हा रेकॉर्ड केलं. ऐकलं.

स्वच्छ. लांब वाक्यं, त्यांचे शेवट, सगळं स्वच्छ.

मेहुण्याच्या माइकवर केलं. स्वच्छ. जुनी केबल लावली. तीही स्वच्छ. हेडफोन काढून कपाटातच बसून राहिलो. ही आली, पिशवी ठेवली, "काय झालं?" म्हणाली. हेडफोनशिवाय, दोन हातांवरून, पहिल्यांदाच नीट ऐकलं. तीच खरखर.

१७ नोव्हेंबर

घशाच्या डॉक्टरांनी गाठ दाखवली. तुकडा तपासायला पाठवलाय. बाहेर बाकावर ही म्हणाली, गिळताना महिनाभर दुखतंय.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज वायर म्हणत होतात ना... मलाही ती वायरच असायला हवी होती हो."