सोनेरी बाजू

३ मार्च, अ‍ॅशबर्न
कंपनीचा शेअर पुन्हा वर. डेटा सेंटरवाल्यांचे दिवस आहेत बुवा! आजपासून संकल्प: हुरळून जायचं नाही. किचन मात्र नवीन करणार. ते हुरळणं नव्हे.
मनोहरचा फोन. त्याची नोकरी गेली. व्हिसाचा नियम, साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर बाडबिस्तरा गुंडाळून नागपूर. तुमच्या कंपनीत रेफर करशील का, म्हणाला. म्हटलं, हे काय विचारणं झालं? रेझ्युमे पाठव, आजच टाकतो.
आजच म्हणजे या आठवड्यात, हे त्यालाही कळतं.

९ मार्च
रेझ्युमे उघडला. माणूस हुशार, पण फॉन्ट काय हा! असा पाठवला तर त्याचंच नुकसान. मी स्वतः नीट करणार, तसं त्याला कळवलंही.
दुपारी ओट्याच्या दगडासाठी तीन दुकानं. रत्नाला पांढराच हवा. म्हटलं, हळद सांडली की बोंबला. घरी येईपर्यंत नवराबायकोत अबोला.

१६ मार्च
लेकीचं शाळेचं प्रोजेक्ट: शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका. तेजीत कोण वर गेलं, कोण मागे राहिलं. पोस्टरच्या दोन बाजू. मी पहिली घेतली. मोटारी, रेडिओ, शेअरबाजार. सोनेरी ग्लिटर भरपूर लावलं. दुसऱ्या बाजूला खाणमजूर, शेतकरी. म्हटलं, ते सावकाश करू. इलाने इंग्रजीत सुनावलं की बाबा, तू नेहमी मजेचा अर्धा भाग घेतोस.
हल्लीची मुलं फार बोलतात.

२४ मार्च
देवळाच्या पार्किंगमध्ये मनोहर दिसला. मी गाडीतच वाकून बुटाची लेस बांधत बसलो. चपला घातल्या होत्या हे नंतर लक्षात आलं.
खरं सांगू? इथे कोण वाचतंय! त्याला रेफर केलं तर तो माझ्याच टीममध्ये येईल आणि वर्षभरात माझा मॅनेजर होईल. तेरा वर्षांपूर्वी मी टेक्सासात प्लेनोला उतरलो तेव्हा महिनाभर त्याच्या हॉलमध्ये झोपत होतो. माझा रेझ्युमे त्याने पहिल्याच संध्याकाळी पुढे दिला. फॉन्ट न बघता.
लाज वाटते. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

२ एप्रिल
किचनवाले आले. घरभर धूळ. अशात कुणाचं करिअर घडवणार?
मनोहरचा मेसेज: घाई नाही, पण बघितलंस का? अंगठा पाठवला. जरा हलकं वाटलं.

१९ एप्रिल, सकाळी ८
मराठी ग्रुपवर मनोहरची यादी. सोफा, मिक्सर, कढीपत्त्याची कुंडी. ज्याला हवं त्याने घेऊन जा. चहा तसाच टाकून कंपनीचं भरतीचं पोर्टल उघडलं, रेझ्युमे जोडला. फॉन्ट जुनाच. सबमिट.
पोर्टल म्हणतं, ही जागा ११ तारखेलाच भरली.
मनोहरला फोन करायला हवा होता. मिक्सर मी घेतो असं कळवलं. तेवढाच हातभार.

२५ एप्रिल
मनोहर आणि प्रीतावहिनी आज गेले. एअरपोर्टला मीच सोडणार होतो, पण ओट्याचा दगड बसवायला माणूस येणार होता. दगड पांढराच आला.

२८ एप्रिल
शाळेत इलाचं पोस्टर लागलंय. आम्ही बघायला गेलो. माझी सोनेरी बाजू लांबूनही झळकते.
दुसऱ्या बाजूला खाणमजुरांच्या शेजारी आजच्या काळात मागे राहिलेल्या एका माणसाची मुलाखत. मनोहरकाका! मला न सांगता पोरीने फोनवरून घेतली. तिने विचारलंय, कुणी मदत केली का? खाली उत्तर, इलाच्या टपोऱ्या अक्षरात: बाकीच्यांनी फोन उचलणं बंद केलं. एक मित्र मात्र महिनाभर माझा रेझ्युमे स्वतः बसून नीट करत होता. नशीब नव्हतं, पण त्याचे उपकार मी विसरणार नाही.
टीचरने विचारलं, हा मित्र कोण? इलाने माझ्याकडे बोट दाखवलं. टीचरचे डोळे भरून आले. माझ्यासारखी माणसं हवीत, म्हणाली.
मी थँक यू म्हणालो.