गेन्झो आधी काय करतो

३ मार्च, सोमवार
केशर घालून शिरा केला. उर्वीने शिवलाही नाही. कृतघ्न कार्टी!

९ मार्च, रविवार
उर्वीच्या गादीखाली जपानी चित्रांची पुस्तकं सापडली. प्रेमकथा — आणि नायक याकुझा! म्हणजे तिकडचे टोळीवाले गुंड. सतरा वर्षांची घोडी झाली, कॉलेज ठरवायची वेळ आली, आणि हे वाचते. नायकाचं नाव गेन्झो. पाठभर गोंदलेलं. दिसायला मात्र मेला देखणा!

उद्यापासून ती शाळेत गेली की वाचायचं ठरवलंय. शत्रू माहीत असलेला बरा.

११ मार्च, मंगळवार
पुस्तक उघडल्या उघडल्या काहीतरी सूचना होती. सूचना मी वाचत नाही.

गोष्टीला शेंडा ना बुडखा, पण हातातून सोडवत नाही. सगळं त्या गेन्झोमुळे! पुढच्या चौकटीत काय करेल, सांगता येत नाही. दगाबाजाला मिठी मारतो, जिवलग मित्राची बोटं हसत हसत मोडतो. मिओ नावाच्या पोरीला सुरीने पेअर सोलून भरवतो — आणि मग त्याच सुरीने तिची वेणी कापतो! इतके लाड केल्यावर? नक्की तिनेच काहीतरी केलं असणार.

उर्वीने कोपऱ्यांत पेन्सिलीने तारखा टाकल्यात. एक पान वाचायला हिला किती दिवस लागतात, देव जाणे.

१६ मार्च, रविवार
उर्वीची स्केचबुक श्रेडरमध्ये घातली. पानोपानी गेन्झो! वर मला सांगते, "आय अ‍ॅम गोइंग टू आर्ट स्कूल, आई." ते कॉलेज बाराशे मैलांवर. इथे टेक्सासात, शुगर लँडमध्ये घरी राहून शिकता येत असताना! रडलीसुद्धा नाही. खाली बसून कागदाच्या पट्ट्या गोळा करत होती. मला हसूच आलं.

१७ मार्च, सोमवार
साठ रंगांचे मार्कर आणून दिले. जवळ घेतलं. आई आहे मी, कसाई नाही. ती नुसतीच दगडासारखी उभी.

कुमार वेस्ट टेक्सासच्या साइटवर. फोनवर म्हणतो, "वीणा, जरा सबुरीने घे यार." नवऱ्याला काय जातंय लांबून सांगायला!

१२ एप्रिल, शनिवार
उर्वी अठराची झाली. पुरणपोळ्या केल्या. माझी मैत्रीण सुलेखा आणि चार-पाच घरं जेवायला होती. पंगतीत मी गेन्झोची गोष्ट रंगवून सांगितली. "असला नवरा हवाय आमच्या बाईसाहेबांना! आधी पेअर भरवणार, मग वेणी कापणार!" हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. उर्वीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मजा आली.

मग ती शांतपणे म्हणाली, "आई, यू रेड इट बॅकवर्ड्स."

जपानी पुस्तक म्हणे उजवीकडून वाचतात. मी शेवटाकडून वाचलं.

"ही कट्स हर हेअर फर्स्ट. देन ही फीड्स हर. एव्हरी टाइम." मग माझ्याकडे बघत मराठीत — "तुला माहितीये ते."

सुलेखाने हातातला घास ताटात ठेवला. सगळ्यांसमोर माझी शोभा केली पोरीने!

१ मे, गुरुवार
उर्वीने त्या आर्ट कॉलेजला होकार कळवला. अठराची झाली, माझी सही लागली नाही. उन्हाळा सुलेखामावशीकडे काढणार म्हणाली. बॅग भरून गेलीसुद्धा. मार्कर नेले नाहीत. पुस्तकंही इथेच — गादीखाली नाहीत, माझ्या उशीवर!

४ मे, रविवार
उजवीकडून वाचलं. जिथे जिथे गेन्झो पेअर सोलतो, तिथे तिथे तारीख. शेवटची १७ मार्च. तिच्या आधीची ३ मार्च.

ही वही मागे उलटून पाहिली. ३ मार्चला मी फक्त शिरा लिहिलाय. आदल्या दिवशी तिच्या उजव्या हातावर लाटणं मारलं होतं, ते लिहिलेलं नाही.