केबिनमध्ये सगळं आहे

१ फेब्रुवारी, रात्री
आजपासून रोजनिशी. वही मागच्या फेरीत वाटेत घेतली होती. पेनही घेतलं होतं, ते तिथेच विसरलो.

ठरलं. यापुढे रस्त्यावर फालतू खर्च बंद. लागेल ते सगळं ट्रकच्या केबिनमध्ये. मागच्या फेरीत घेतलेल्या वस्तू : ब्लँकेट, छत्री, नेलकटर, टॉर्च. घरात आता सात टॉर्च आहेत आणि लाइट गेली की एकही सापडत नाही, असं ही म्हणते. बायको आहे, बोलणारच.

या फेरीला ही सोबत येणार. लग्नाला एकवीस वर्षं झाली, मी दर महिन्याला बंदरावर जातो आणि हिने अजून समुद्र पाहिलेला नाही. दोघांचा बाहेरचा खर्च झेपत नाही म्हणून दरवेळी ‘पुढच्या वर्षी नक्की’. पण काल मालक म्हणाला, बंदराची ही शेवटची फेरी, पुढच्या महिन्यापासून माल रेल्वेने जाणार. त्यामुळे पुढच्या वर्षाची सोय उरलेली नाही.

हिला सांगितलं. दुपारी कपाटावरची छोटी बॅग काढून पुसत होती.

३ फेब्रुवारी
यादी तयार. चौसष्ट वस्तू. स्टोव्ह, छोटा सिलिंडर, भांडी, धान्य, पाण्याचे दोन मोठे कॅन, गादी, इस्त्री, घडीच्या खुर्च्या दोन (एक खास हिच्यासाठी). हिची गैरसोय होता कामा नये.

हिची यादी विचारली. म्हणाली, एक बॅग. हसू आलं. अनुभव नसला की असं होतं.

५ फेब्रुवारी
मेहुणा आला होता. तोही ट्रक चालवतो, पण त्याच्या केबिनमध्ये एक चादर आणि एक बाटली. कारभार सगळा वाऱ्यावर. त्याला यादी वाचून दाखवली. म्हणाला, भावोजी, सगळं छान आहे, पण ताई कुठे बसणार?

आपलं चांगलं झालेलं लोकांना बघवत नाही.

८ फेब्रुवारी, सकाळी ८
सामान भरायला घेतलं. पद्धत पक्की : जे आधी येईल ते तळाला. सगळ्यात आधी ही बॅग घेऊन आली. बॅग तळाला.

दुपारी १
सगळं बसलं! सीटच्या मागे काडी घालायला जागा नाही. असं काम कंपनीच्या इंजिनियरलाही जमायचं नाही.

दुपारी १.२०
खुर्च्या राहिल्याच होत्या. शेजारच्या सीटवर ठेवल्या. तात्पुरत्या.

दुपारी २
पाण्याचे कॅनही तिथेच. तेही तात्पुरते.

दुपारी ४
ही नवीन चपला घालून आली. दार उघडलं तर एक कॅन तिच्या पायाशी पडला. तिने तो उचलून परत सीटवर ठेवला, दार लावलं आणि म्हणाली, तुम्ही जाऊन या. मी म्हटलं, दहा मिनिटं दे, नव्याने लावतो. म्हणाली, सकाळपासून तेच चाललंय. तेवढ्यात मालकाचा फोन, अजून निघाला नाहीस का म्हणून. निघालो.

एका अर्थी बरंच झालं. तिला उन्हाचा त्रास होतो.

आरशात मागे बघितलं नाही. आरशाच्या आड गादीची गुंडाळी येते.

९ फेब्रुवारी
स्टोव्ह भांड्यांच्या खाली, भांडी सिलिंडरच्या मागे, काडेपेटी कुठे ते यादीत बघावं लागेल. यादी गादीच्या आत. खानावळीत जेवलो. जेवण ही गरज आहे, तो खर्च धरत नाही.

पाय पसरायला जागा नाही म्हणून लॉजवर खोली घेतली. फक्त आजच्या दिवस.

एक टॉर्च घेतला. घरून आणलेले तीन टॉर्च शोधायला.

१० फेब्रुवारी
खानावळ. लॉज. बिस्किटं. बनियन. उद्यापासून कडक.

११ फेब्रुवारी
हिचा फोन. म्हणाली, माझी बॅग तुमच्याबरोबरच गेली. मी म्हटलं, काळजी करू नकोस, एकदम सुरक्षित आहे. तेवढं तरी खरं होतं.

१२ फेब्रुवारी, बंदर
माल उतरवून झाला. गेटवरचा शिपाई म्हणाला, केबिन तपासायचीय, सामान खाली काढा. मी म्हटलं, सगळं? म्हणाला, सगळं. चौसष्ट वस्तू फुटपाथवर मांडल्या. येणारे-जाणारे भाव विचारत होते.

शेवटी बॅग निघाली. शिपायाने उघडायला लावली. हिचे दोन कपडे. दोन ताटल्या, दोन चमचे. काडेपेटी. सुईदोरा. माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या. टॉर्च, चालू. एवढं ठेवूनही बॅगेत जागा शिल्लक. एक रिकामी बरणी होती. ती कशाला घेतली असेल ते पटकन कळेना. मग कळलं. शिपायासमोरच रडू आलं.

समुद्र गेटपासून दहा मिनिटांवर. सामान परत भरेपर्यंत पाच वाजले. मालकाचा फोन, लगेच निघ, परतीचा माल वाट बघतोय.

संध्याकाळी ६, रस्त्यात
फोन केला. हिने विचारलं, समुद्र कसा होता. म्हटलं, सामान भरत होतो. मग म्हणाली, जेवलात का. म्हटलं, हो. बाहेर.

कॅनमधलं पाणी तसंच आहे. बरणीत ते भरून त्यात मीठ टाकलं तर हिला काय कळणार, असं मनात आलं. यादीत मीठ आहे, बारा नंबरला.

सापडलं नाही.