पुठ्ठ्यावर लिहिलेला पत्ता

वकिलाने टाइप करून आणलेल्या मृत्युपत्रात माझा कॉम्प्युटर त्याने ‘इतर किरकोळ वस्तू’ या ओळीत टाकला, बादली आणि दोन मोडक्या खुर्च्यांच्या मध्ये. मी विचारलं, किरकोळ आहे हे तुम्हांला कुणी सांगितलं? म्हणाला, बाई, जुना आहे, भंगारवालासुद्धा नाक मुरडेल. त्याच कागदात खाली ‘मुलीस काहीही देणे नाही’ असंही होतं. ते मात्र मीच सांगितलं होतं, त्याचा दोष त्याला लावत नाही. तो कागद मी फाडला. ते मृत्युपत्र रद्द समजावं. खरं ते हे.

मी, खोकेवाली, वय चौपन्न, शाळा चौथीपर्यंत, डोकं ठिकाणावर. माझ्यावर कुणी दडपण आणलेलं नाही. आजवर कुणाची छाती झाली नाही, आता काय होणार. पोटात गाठ आहे आणि अकरा मार्चला ऑपरेशन आहे. डॉक्टर ‘बघू’ म्हणाले. ‘बघू’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर विसंबून मी कधी पुठ्ठा कापला नाही, म्हणून लिहून ठेवते.

कलम एक. घर, म्हणजे खोकी होतात ती पुढची खोली आणि मागच्या दोन, मुलीच्या नावे. धाकटी बहीण माझ्याजवळ राहते. तिने जिवंत असेपर्यंत मागच्या खोलीत राहावं, तिला कुणी उठवू नये. तिच्यावर माझा राग आहे, तो पुढे येईल. राग वेगळा आणि छप्पर वेगळं. बँकेत उरेल ते दोघींनी निम्मं निम्मं घ्यावं, त्यावरून तोंडं फिरवू नयेत.

कलम दोन. पुठ्ठा कापायचं यंत्र, घडी पाडायचं यंत्र, पट्ट्या, कातऱ्या आणि खळीची पातेली पिना मारणाऱ्या बाईला द्यावीत. एकवीस वर्षं तिने माझ्यासमोर बसून पिना मारल्या आणि माझी बोलणी खाल्ली. एकदाही उलटून बोलली नाही, त्याचा मला जास्त त्रास झाला. पातं डावीकडे ओढतं, हे तिला ठाऊक आहे. नवरा गेला तेव्हा दीर दहाव्या दिवशी आला आणि म्हणाला, वहिनी, हे यंत्र बाईमाणसाला झेपायचं नाही, मी घेऊन जातो. दिराने हे यंत्र बघायला जरूर यावं. दारातून बघावं.

कलम तीन. कॉम्प्युटर, वहीसारखा मिटणारा. तो मुलीचा आहे, तिलाच परत जावा. पण हे कलम एका ओळीत संपणारं नाही.

मुलगी वेब पानं करायला शिकली होती. सहा वर्षांपूर्वी तिने आमच्या खोक्यांचं पान केलं आणि मला दाखवायला बाहेर आणलं. समोर बूटवाला माल न्यायला आलेला. माझे हात खळीने भरलेले. मी म्हटलं, “यात चार बूट तरी मावतात का? हातात येत नाही ते काय काम झालं?” बूटवाला हसला. त्याच्याकडे बघून मीही हसले, आणि आणखी दोन वाक्यं बोलले, ती इथे लिहीत नाही. तिने कॉम्प्युटर मिटला. आठ दिवसांनी एक बॅग घेऊन गेली. कॉम्प्युटर टेबलावर ठेवून गेली. मला वाटलं, विसरली, घ्यायला येईल.

चार वर्षं मी त्याच्यावरची धूळ पुसली, उघडला नाही. मग लायब्ररीच्या वरच्या खोलीत वर्ग निघाला, अगदी नवख्यांसाठी, तिथे नाव घातलं. मुलीच्या आठवणीने गेले असं कुणी म्हणू नये. या कामात अवघड काही नाही हे मला सिद्ध करायचं होतं. पहिल्याच आठवड्यात ठळक अक्षराची खूण मी उघडली आणि बंद करायची विसरले, तर तिथून खालचं सगळं पान ठळक झालं. मास्तर म्हणाले, बाई, पानसुद्धा तुमच्याच आवाजात बोलायला लागलं. वर्ग हसला. त्या दिवशी कळलं, सगळ्यांसमोर आपल्या पानाला कुणी हसलं की कसं वाटतं.

पुढे मास्तरांनी शिकवलं की पानावरची प्रत्येक गोष्ट एका खोक्यात असते. रुंदी सांगितली की ती आतली धरतात, आत सोडलेली जागा आणि कडा वरून मिळवायच्या. सगळ्यांची पानं उजवीकडून बाहेर सांडत होती, माझं नाही. मी म्हटलं, बूट आतल्या मापाने बसतो आणि खोका फळीवर बाहेरच्या मापाने बसतो, यात न समजण्यासारखं काय आहे? मास्तरांनी चष्मा काढला. म्हणाले, हे समजायला मला वर्ष लागलं होतं, तुम्हांला कुणी सांगितलं? मी म्हटलं, कुणी नाही. ते खोटं होतं. एकदा जेवताना मुलगी म्हणाली होती, आई, हे आपल्यासारखंच आहे गं, सगळा खोक्यांचाच खेळ. मी म्हटलं होतं, जेव.

नंतर मास्तरांनी टिपणं दाखवली. टिपणाच्या खास दोन खुणा असतात, त्यांच्या मध्ये लिहिलेलं पानावर दिसत नाही. आतलं लिखाण उघडेल त्यालाच ते दिसतं. करणाऱ्याने स्वतःसाठी लिहून ठेवायचं असतं. मी घरी आले आणि तिचं पान आतून उघडलं.

अक्षरांच्या मापाशी लिहिलं होतं, ‘मोठंच ठेवायचं. आई चष्मा शोधते आणि मग माझ्यावर चिडते.’ रंगापाशी लिहिलं होतं, ‘हा नव्या पुठ्ठ्याचा रंग, उन्हात न राहिलेल्या. तिला फरक कळेल.’ आणि अगदी तळाशी, ‘हे आई कधीच वाचणार नाही म्हणून इथे लिहिते. मला जायचं नाहीये. मला इथेच राहून हे काम करायचंय.’

त्या टिपणाखालची तारीख बघितली. मी हसले त्याच्या आदल्या दिवशीची.

मला गोड बोलता येत नाही. म्हणून पान केलं. तीन महिने लागले. मोठी अक्षरं, नव्या पुठ्ठ्याचा रंग, मधोमध एकच खोका आणि त्यात एकच शब्द, ‘वाचलं’. वरच्या पट्टीत दिसणारा पत्ता मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर उतरवून घेतला, टिंब आणि तिरप्या रेघांसकट, दोनदा ताडून. बहिणीला दिला. ती मुलीशी फोनवर बोलते, माझ्यापासून चोरून बोलते आणि मला ते ठाऊक आहे. तिला सांगितलं, हे पाठव, एवढंच पाठव.

चौदा महिने उत्तर नाही. मी रोज पान उघडायची, ते उघडायचं, छान दिसायचं. मला वाटलं, बघितलंन आणि गप्प बसलीय. माझ्यावर गेलीय. मग गाठ निघाली, वकील आला आणि मी म्हटलं, लिहा, मुलीस काहीही देणे नाही.

गेल्या सोमवारी मास्तर तब्येत बघायला आले. त्यांना पान दाखवलं. त्यांनी पान बघितलं, मग वरचा पत्ता बघितला आणि खुर्चीत बसले. म्हणाले, “बाई, हे पान बाहेर गेलेलंच नाही. हा पत्ता या मशीनच्या आतला आहे. तुम्ही घरातल्या भिंतीवर कागद लावलात आणि रस्त्यावरच्या माणसाची वाट बघत बसलात.” वर्गात हे शिकवलं तेव्हा मी दवाखान्याच्या रांगेत होते.

बहीण दारात उभी होती, रडायला लागली. मी म्हटलं, तुला काय झालं? मग बोलली. मुलीने तो पत्ता त्याच दिवशी उघडून बघितला होता. तीनदा. काहीच निघालं नाही. फोनवर म्हणाली, “मावशी, आईला कुठलं पान करता येतंय? तिला सांग, थट्टा एकदा केली तेवढी पुरे.” बहिणीने मला ते सांगितलं नाही. म्हणे, ताई, तुला सोसलं नसतं. चौदा महिने मी काय सोसत होते, ते तिने रोज समोर बसून बघितलं. माझा राग तो हा. ती माझ्या भल्यासाठीच गप्प बसली, म्हणून तो जातही नाही.

मंगळवारी मास्तरांनी पान खरोखर बाहेर नेलं. मी त्यांच्या फोनवर बघितलं, बहिणीच्या फोनवर बघितलं, समोरच्या दुकानात जाऊन बूटवाल्याच्या फोनवरही बघितलं. बूटवाला हसला नाही.

कलम चार. तिने केलेलं पान कुणी पुसू नये. त्यातलं एक अक्षर कुणी सुधारू नये. मीसुद्धा सुधारलेलं नाही.

वरचं सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे.

सही: खोकेवाली
ठिकाण: पुढची खोली, कापायच्या यंत्राशेजारचं टेबल
तारीख: ३ मार्च

साक्षीदार पहिला: संगणक वर्गाचे मास्तर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. शुद्धीत आहेत, माझ्याही चुका काढल्या.
साक्षीदार दुसरा: समोरचा बूटवाला. माझ्यासमोर सही झाली. मी त्या दिवशी हसलो होतो, हे बरोबर लिहिलं आहे.
(ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला राहू नये, असं वकिलाने सांगितलं. त्याचं तेवढंच कामाला आलं. म्हणून बहिणीची सही नाही.)

सही झाल्यावर राहिलेलं. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात, हे मला माहीत आहे. तेवढा धीर माझ्याकडे नाही. पोरी, याची एक नक्कल आजच तुला पाठवते आहे. मागे पुठ्ठा टाचला आहे, त्यावर खरा पत्ता आहे, तीन फोनवर उघडून बघितलेला. पानाच्या तळाशी मी एक रिकामा खोका केला आहे. त्यात लिहिलेलं मला इथे दिसतं, ते मास्तरांनी जोडून दिलं आणि मी स्वतः लिहून बघितलं. तू तेव्हा लिहिलं होतंस की तुला जायचं नाहीये. आज परत यायचं आहे का? ‘हो’ लिही, नाहीतर ‘नाही’ लिही, ‘बघू’ लिहू नकोस. अकराला सकाळी मला आत नेतील. दहा मार्चला संध्याकाळी सहापर्यंत मला उत्तर हवं आहे.