लाल मका शिल्लक धान्यात न धरण्याबाबत

प्रति,
मा. मदत अधिकारी,
शेती संस्थांसाठी तातडीची रोख मदत,
विभागीय कार्यालय.

विषय : गोदामातील विषारी बियाणे धान्यसाठ्यातून वगळून रोख मदत आजच मंजूर करणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र क्र. ४१७, दि. २८ मे.

महोदय,

सविनय विनंती की, मी आमच्या सहकारी शेती संस्थेच्या गोदामाची किल्ली सांभाळते. सूर्योदयापासून दुपारपर्यंत माझे रोज मौन असते. किल्ली माझ्याकडे आली तीही त्यामुळेच. गप्प बाईशी हुज्जत घालता येत नाही, असे अध्यक्ष हसून म्हणाले होते.

२. कालव्याचे पाणी शेतात तुंबून उभे पीक कुजले. घरोघरचे दाणे संपले. बाजारात धान्य आहे, पण दुकानदार रोखीशिवाय देत नाही. आपली योजना अशाच वेळेसाठी आहे असे वाचून संस्थेने अर्ज केला होता.

३. आपले तपासनीस गेल्या महिन्यात आले, ते सकाळीच. गोदामातला मका पेरणीचा आहे. कीड लागू नये म्हणून त्याला विषारी लाल भुकटी चोळलेली असते. मी मौनात होते. तोंडाकडे बोटे नेली आणि दोन्ही हात हलवले, की हे खायचे नाही. ते दारातूनच पोती मोजत शिपायाला म्हणाले, "बाई म्हणतायत, खाऊन संपत नाही!" दोघेही हसले. मौन सुटल्याबरोबर मी कार्यालयात येऊन लेखी खुलासा दिला. त्यावर शिक्का बसला. अहवाल मात्र बदलला नाही.

४. संदर्भीय पत्रात 'साठा पुरेसा असल्याने मदत देय नाही. साठा संपल्यावर फेरअर्ज करावा' असे आहे. शिपायाने ते संस्थेच्या फळ्यावर डकवले. तेव्हापासून माझे कुणी ऐकत नाही. विष असते तर साहेबांनी धान्य म्हणून लिहिले असते का, असे विचारतात. कालच्या सभेत एक सभासद म्हणाला, "काकू, साहेबच म्हणतायत संपल्यावर या. मग संपवून टाकू की." कुणी हसले नाही. ही सूचना मताला टाकावी, असे दोघांनी सुचवले.

५. आज सकाळी गोदामाचा मागचा पत्रा उचकटलेला दिसला. दोन पोती नाहीत. गल्लीच्या गटारातून लाल पाणी वाहत होते, तेही एकाच घरचे नव्हे. मी व्रत मोडले. हाका मारत दारोदार गेले. सकाळच्या वेळी माझा आवाज कुणी कधी ऐकलेला नाही. आतून कुणीसे म्हणाले, "डोकं फिरलं बिचारीचं," आणि दारे उघडली नाहीत.

धाकट्या जावेचे तेवढे उघडे होते. पातेले रटरटत होते, पोरे ताटल्या घेऊन बसली होती. "ताई, सात पाण्यांनी धुतलाय. बघा, रंग राहिलाय का?" मी पातेले मोरीत ओतले. ती रडली नाही, भांडली नाही. "आता यांना काय देऊ, तेवढं सांगा," म्हणाली.

६. तरी साहेबांनी फळ्यावरचे पत्र रद्द झाल्याचे लेखी द्यावे, रोख रक्कम आजच द्यावी आणि तिच्या आधी डॉक्टर पाठवावा. बाकीच्या दारांमागे काय शिजले, मला ठाऊक नाही. दुपार होत आली. गल्लीत एकही पोर अजून खेळायला बाहेर आलेले नाही.

अर्ज माझे दीर घेऊन येत आहेत. उत्तर त्यांच्याच हाती द्यावे. मला इथून उठता येत नाही.

उचकटलेल्या पत्र्याला पाठ लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही)
सभासद, गोदामाची किल्ली सांभाळणारी
दि. ९ जून

सोबत :
१. आपले पत्र, फळ्यावरून काढलेले.
२. जावेच्या पातेल्यातला मूठभर मका, पुडीत. हात लावू नये. रंग गेला आहे. विष गेले का, ते तपासून कळवावे.