टाकीतली हजेरी

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचे. जपानचं हे मोजी बंदर फार देखणं आहे. लाल विटांची जुनी गोदामं, समोर चिंचोळा समुद्र, त्यातून सरकणारी जहाजं. पूर्वी इथून कोळसा जायचा. मौद्याच्या वीजकेंद्राच्या राखेत वाढलेल्या मला इथली हवा धुतल्यासारखी वाटते. जहाजदुरुस्तीच्या गोदीत नागपूरकडच्या आम्ही दोघीच, मी आणि रामटेकची दामिनी. सामान टाकून ती खिडकीत गेली. "पाह्य वं अस्मिता, आपल्या अंबाळा तलावापेक्षा जरासा मोठाच आहे."

५ नोव्हेंबर
जहाजाच्या पोटातल्या टाक्यांचा गंज खरवडायचा, हे काम. सुटताना मुकादम ओगावा टाकीच्या तोंडाशी नावं घेतात. ओ ऐकू आली की यादीवर खूण करतात. सगळ्यांची झाली की लोखंडी झाकण बंद. मान वर करत नाहीत. चेहरे का बघत नाही, असं विचारलं, तर जणू मी त्यांना खोटं ठरवलं, असे खेकसले. मला संताप आला.

८ नोव्हेंबर
तिन्हीसांजेला रिकाम्या टाकीतून दामिनीला हाक आली. मीही ऐकली. अशा वेळी पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते, हे कौसल्याआत्याने मला बाराखडीच्याही आधी शिकवलं. मी तिचा हात दाबला.
"भेली का वं? आपल्या भुतायले इथला व्हिसा कोन देईन?" ती हसली. आणि तिने ओ दिली.

९ नोव्हेंबर
दुपारपासून दामिनी दिसली नाही. हजेरीत तिचं नाव आलं. ओ आली, टाकीच्या आतून. मी भांडले, तेव्हा ओगावांनी आत टॉर्च मारून दाखवला. कोणी नव्हतं. तरी खूण केली. झाकण लावलं.

११ नोव्हेंबर
दामिनीचं अंथरूण तसंच. रोज तिची ओ येते. आम्हाला इथे आणणारे एजंट धर्मेंद्रभाऊ म्हणाले, "हजेरी लागून राहिली ना तिची? मंग हरवली कशी? काहून आमचं नाव खराब करून राहिली?" थुंकावंसं वाटलं. पोलिसांत गेले. त्यांनी गोदीत फोन केला. उत्तर मिळालं — हजर आहे.
तिच्या आईचा फोन वाजतो आहे.

१२ नोव्हेंबर
उद्या त्या टाकीत पाणी भरणार. दामिनी आतच आहे, असं सगळ्यांना सांगितलं. सगळे आपापल्या कामाला लागले. मीच उतरणार —

१३ नोव्हेंबर
आत आहे. तळाशी तिचा हातमोजा. अजून गरम. हाका मारल्या —

वर हजेरी सुरू. शिडी लांब.

माझं नाव. मी तोंड उघडायच्या आत, पाठीमागून, माझ्याच आवाजात ओ —

झाकण सरकतंय. ओरडते आहे, आवाज निघत नाही. नालायका, एकदा खाली ब