डाव्या कानाच्या खाचा

पुणे, १२ मार्च १९९६

आबांच्या पायांवर बिरूचं डोकं.

मी मजेत हाय. पोरांच्या पुस्तकांची चित्रं काढतो, मेंढरं लागली की आपलीच काढतो. आईचा गुडघा कसा हाय?

एक शंका हाय. मी काढून दिलेलं आपल्या कळपाचं चित्र हरवलं म्हणून प्रकाशकानं सांगितलं. पण आतेभाऊ रविराजनं बारामतीच्या कापडदुकानात तसंच चित्र असलेलं कॅलेंडर बघितलंय, खाली चित्रकार म्हणून नाव प्रकाशकाच्या भाच्याचं.

बाजारला गेलात की ते कॅलेंडर नीट बघा. पुढच्या मेंढीच्या डाव्या कानाला आपल्या खुणेच्या दोन खाचा हायत का? त्यांना वाटलं असंल, कान फाटका हाय, म्हणून तसाच ठेवला असंल.

आईला यातलं काय बोलू नका. खाचा दिसल्या तर लगेच कळवा. तवर मी प्रकाशकाशी हसूनच बोलतोय.

तुमच्याच कळपातला,
बिरू